आबांची जागा: बाप आघाडीवर गेला की घरात नेमकं काय होतं?

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही फौजी घरात जरा वेळ बसलात तर हा किस्सा ऐकायला मिळतोच; पोराचं नाव तेवढं बदलतं. बाप आठ-दहा महिन्यांनी सुट्टीवर आलेला असतो. दोन वर्षांचं लेकरू दिवसभर त्याला लांबून न्याहाळतं, त्यानं कॅन्टीनमधून आणलेली बिस्किटं घेतं, पण मांडीवर काही जात नाही. रात्री अंथरुणं पडली की आईच्या कानाशी लागतं आणि विचारतं, “ह्ये काका कवा जाणार?” सगळं घर हसतं. बापही हसतो, मग तंबाखू मळत अंगणात जाऊन बसतो.

आमच्या घरी हा प्रश्न माझ्या धाकट्या भावानं विचारला होता. पुढे मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करायला लागले तेव्हा कळलं, की ज्याला आपण गमतीचा किस्सा म्हणतो त्याच्या आसपास साठ-सत्तर वर्षांचं संशोधन उभं आहे. ते इथे साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

पोटासाठी बाप लांब असणं आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेले, बोटीवर गेलेले, आखातात गेलेले बाप कित्येक पिढ्यांनी बघितले. पण गिरणीतला बाप गणपतीला किंवा जत्रेला येणार हे ठरलेलं असायचं. आघाडीवरच्या बापाची तारीख नसते. तो कुठे आहे तेही घराला ठाऊक नसतं. पाकिटावर नंबर, हुद्दा, पलटणीचं नाव आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ (लष्कराचं टपाल कार्यालय), संपला पत्ता. नकाशावर बोट ठेवायला गाव नाही. आणि आणखी एक गोष्ट असते, जी कोणी मोठ्यानं बोलत नाही. अवेळी दारात गाडी थांबली की चुलीपुढची बाई एकदम गप्प होते. मुलं ती शांतता ऐकतात.

२००१ च्या १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. सुमारे पाच लाख सैनिक पश्चिम सीमेवर जाऊन उभे राहिले. आबा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा सुट्टीवर होते. गावातल्या एसटीडी बूथवर निरोप आला आणि संध्याकाळच्या एसटीनं ते गेले. आईनं पेटीत घालायला केलेल्या भाकऱ्या तव्यावरून थेट फडक्यात बांधल्या. पुढे ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचं ठरलं. युद्ध झालंच नाही. इतिहासाच्या पुस्तकात या प्रकरणाला दोन-चार ओळी मिळतात. घरांच्या हिशोबात मात्र ते दहा महिन्यांचं युद्धच होतं. गोळी सुटली की नाही याच्याशी मुलाला फारसं देणंघेणं नसतं. बाप उठून गेला आणि घर दबकून बोलायला लागलं, एवढं त्याला पुरतं. त्यातच १४ मे २००२ ला जम्मूजवळ कालूचकला दहशतवादी जवानांच्या फॅमिली क्वार्टरमध्ये घुसले आणि त्यांनी बायका-मुलांना मारलं. ज्यांचे नवरे सीमेवर होते त्यांची ती घरं. आम्ही तिथून शेकडो कोस लांब, खटाव तालुक्यात. तरी पुढचे कित्येक दिवस आई रात्री दाराला आतून पाटा लावून झोपायची.

आता या अनुभवाची फोड कशी केली गेली ते बघू. यातली बरीच माहिती अमेरिकेची आहे आणि त्याला कारण आहे. २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांत तिथले सैनिक पुन्हा पुन्हा पाठवले गेले, त्यातले बरेच जण लेकुरवाळे होते. सुमारे वीस लाख मुलांनी आई किंवा बाप युद्धावर गेलेला बघितला. शिवाय तिथल्या लष्करी कुटुंबांचे दवाखान्यातले कागद एका ठिकाणी सापडतात, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या गोष्टी तिथे मोजता आल्या.

अमेरिकी लष्करातले मानसोपचारतज्ज्ञ पिंकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तैनातीचे पाच टप्पे मांडले: निघण्याआधीचा काळ, गेल्यानंतरचा पहिला महिना, मग घडी बसण्याचा लांबलचक काळ, परतण्याआधीचा महिना आणि परतल्यानंतरचा काळ. वाचताना मला सगळ्यात पटलं ते पहिल्या टप्प्याचं वर्णन. निघायच्या आधी नवरा-बायकोत हमखास भांडण होतं, तेही मिठासारख्या फालतू कारणावरून. त्यांचं म्हणणं असं, की ताटातूट समोर दिसत असताना माणूस आतून आधीच सुटायला लागतो. माया कमी झालेली नसते, जाणं सोपं जावं म्हणून रागाचा आधार घेतला जातो. जवानाचं मन पलटणीत पोचलेलं असतं, बायकोला वाटतं ‘हे इथं असून इथं नाहीत’. आमच्याकडे आजी म्हणायची, “पेटी भरायला लागली की ह्या घरात भांड्याला भांडं लागतंच.” आजीनं काही मानसशास्त्र वाचलेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात सगळंच ढासळल्यासारखं वाटतं. झोप उडते, मुलं अंगाला चिकटतात. मग हळूहळू घडी बसते, आणि या घडी बसण्याकडे नीट बघायला हवं. बापाची कामं कोणीतरी उचललेली असतात. मोटार चालू करायला रात्री रानात जाणं, बँकेत जाणं, शाळेच्या पालकसभेला बसणं, धाकट्याला धाक दाखवणं. बाप नसलेलं घर चालायला शिकतं. ते चांगलंच आहे, नाहीतर निभावलंच नसतं. पण बापाची जागा आता रिकामी राहिलेली नसते.

इथे पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेची एक कल्पना उपयोगी पडते. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर १९७० च्या दशकात त्यांनी काम केलं. नवरा मेला असं सांगता येत नाही, जिवंत आहे असंही म्हणता येत नाही. कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न त्या अमेरिकी बायकांपुढे त्यांच्या पद्धतीनं होताच. या अवस्थेला बॉस यांनी जे नाव दिलं त्याचं मराठी ‘संदिग्ध वियोग’ असं करता येईल. त्याची दोन रूपं त्यांनी सांगितली: माणूस देहानं नाही पण मनात सतत आहे, किंवा देहानं समोर आहे पण मनानं नाही. बेपत्ता सैनिकाचं उदाहरण टोकाचं झालं, पण साध्या तैनातीतही ही दोन्ही रूपं भेटतात, पहिलं तो गेलेला असताना आणि दुसरं तो परत आल्यावर. अशा वेळी घराला कळेनासं होतं, की आपण नक्की किती जण आहोत. जेवायला बसताना एक ताट जास्त काढलं जातं, मग गुपचूप परत ठेवलं जातं. मेलेल्या माणसासाठी तेरा दिवस असतात, माणसं जमतात, रडायला परवानगी असते. जिवंत बापासाठी रडलं तर “अशुभ बोलू नको” म्हणून गप्प केलं जातं.

मुलांवर याचा परिणाम वयाप्रमाणे वेगवेगळा दिसतो. तान्ह्या बाळाला बाप गेल्याचं दुःख असं वेगळं नसतं, त्याला आई बदललेली जाणवते. मात्र आठ महिन्यांनी बाप परतला तर तो त्याच्यासाठी अनोळखी पुरुष असतो. ‘काका कवा जाणार’ हे त्यातूनच येतं, आणि बापानं ते मनाला लावून घेण्याचं कारण नाही.

तीन ते सहा या वयाची मुलं मला जास्त काळजीची वाटतात, कारण ती स्वतःच्या मनानं कारण शोधतात. या वयात जग आपल्याभोवती फिरतं अशी मुलाची समजूत असते. मग ‘मी दूध सांडलं म्हणून पप्पा गेले’ असा निष्कर्ष निघतो आणि तो कोणाला सांगितला जात नाही. दिसतं ते एवढंच, की अंथरूण ओलं करणं बंद झालेलं पोर पुन्हा करायला लागलं, बोबडं बोलायला लागलं. घरातले म्हणतात लाडावलंय. त्यातच एखादी मावशी म्हणते, “शहाण्यासारखा वाग, नाहीतर पप्पा येणार नाहीत हं!” हे वाक्य कृपा करून कोणी वापरू नये.

शाळकरी मुलांचं पोट दुखतं, तेही सकाळी दप्तर भरताना. डॉक्टरला काही सापडत नाही. पोट खरंच दुखत असतं. आपण शाळेत असताना घरी काहीतरी खबर येईल ही भीती त्यामागे असते. याच वयात बातम्या कळायला लागतात. कारगिलचं युद्ध आपल्याकडे पहिल्यांदा रोज टीव्हीवर दिसलं आणि मुलांनी शवपेट्या बघितल्या. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत सुट्टीवर आलेल्या जवानांना पुन्हा घाईघाईनं परत बोलावलं गेलं. लग्नघरातून, हळदीच्या अंगानं माणसं गेली. या वेळी टीव्हीच्या जोडीला मोबाइल होता, आणि वाहिन्यांनी त्या रात्री काय काय ‘जिंकून’ दाखवलं ते आठवत असेलच. मोठ्यांसाठी तो तमाशा होता. ज्याचा बाप तिकडे होता त्या मुलासाठी तो रात्रभर चाललेला निकाल होता.

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मात्र तक्रारच करत नाही, आणि म्हणून सगळे निर्धास्त असतात. बाप जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “आता तू घरातला कर्ता पुरुष.” पोरगा ते खरं मानतो. तो आईचा हिशोब सांभाळतो, धाकट्यांना मारतो, आजोबांना दवाखान्यात नेतो, आईला रडताना बघून न बघितल्यासारखं करतो. गाव कौतुक करतं. मुलीच्या वाट्याला बहुतेक चूल आणि लहान भावंडं येतात, तिचं कौतुकही होत नाही. मोठ्यांचं ओझं मुलानं असं उचललं तर त्याचा हिशोब नंतर निघतो, बाप परत आल्यावर.

आता मोजमापाचं बोलू. २०१० मध्ये अमेरिकेत सैनिकांच्या तीन ते आठ वर्षांच्या सुमारे ६ लाख ४० हजार मुलांच्या दवाखान्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. आई किंवा बाप तैनातीवर असताना मानसिक आणि वागणुकीच्या तक्रारींसाठीच्या भेटी ११ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. ११ टक्के म्हणजे फार नाही, असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. बहुतेक मुलं निभावून नेतात. अडचण ज्यांची होते ती कशामुळे, हा खरा प्रश्न. त्याच वर्षी अकरा ते सतरा वयाच्या मुलांवरचा दुसरा अभ्यास आला. मुलांच्या अडचणींशी दोन गोष्टींचा संबंध ठळक दिसला: बाप एकूण किती महिने लांब होता, आणि घरी राहिलेल्या पालकाचं मन कसं होतं.

हा दुसरा मुद्दा माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. मुलाला सीमा दिसत नाही. त्याला आईचा चेहरा दिसतो, आणि सीमेवर काय चाललंय ते तो त्या चेहऱ्यावर वाचतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक बायकांनी हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं, की आईच्या कुशीत राहून बॉम्बहल्ला सोसलेली मुलं बऱ्यापैकी शांत राहिली. सुरक्षित जागी पण आईपासून तोडून नेलेल्यांचे हाल जास्त झाले.

याची काळी बाजूही आहे. २००७ मध्ये अमेरिकी लष्करातल्या १,७७१ अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, जिथे मुलांची हेळसांड किंवा मारहाण झाल्याचं चौकशीत सिद्ध झालं होतं. त्याच घरांत सैनिक घरी असतानाचा काळ आणि तो तैनातीवर असतानाचा काळ यांची तुलना केली. तैनातीत प्रमाण ४२ टक्क्यांनी जास्त निघालं. घरी एकट्या राहिलेल्या आयांकडून होणारं दुर्लक्ष जवळपास चौपट झालं होतं. हे आकडे आधीच अडचणीत असलेल्या घरांचे आहेत, सगळ्या फौजी घरांचे नाहीत, हे विसरायचं नाही. पण ते वाचून ‘कसल्या आया ह्या’ असं म्हणणाऱ्यानं एकदा महिनाभर एकट्यानं तीन पोरं, दोन म्हैशी आणि एक अर्धांगवायूचा सासरा सांभाळून बघावा.

आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, आजी-आजोबा आहेत, म्हणून आपलं बरं, असं सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. आजी नसती तर त्या दहा महिन्यांत आम्ही तिघं भावंडं कशी राहिलो असतो कोण जाणे. पण पूर्वी मनीऑर्डर कोणाच्या नावानं यायची, आता एटीएम कार्ड कोणाच्या हातात असतं, यावरून कितीतरी घरांत सासू-सून महिनोन्‌महिने बोलत नाहीत. नवरा घरी नसलेल्या सुनेवर अख्ख्या आळीचा डोळा असतो. ती बाजारातून उशिरा आली तरी चर्चा. तिला कोणाजवळ मन मोकळं करायचं तर माहेर, आणि माहेरी जास्त दिवस राहिली तर पुन्हा चर्चा. शिवाय ती आजीसुद्धा कोणाची तरी आईच असते. तिचा मुलगा तिकडे असतो. देवापुढे तिनं लावलेल्या दिव्याचं तेल किती लांबवर चालतं यावरून ती स्वतःला धीर देत असते, आणि तिला ‘तुम्ही कशा आहात’ असं विचारायला कोणीही येत नाही.

यात गावाचा भाग मोठा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातली ४६ माणसं गेली, आणि आजही घरटी कोणी ना कोणी फौजेत असतो. अशा गावात मुलाला काही समजावून सांगावं लागत नाही. वर्गातल्या पाच जणांचे बाप फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी असतात. कोणाचा तरी फोन येतो, तो सगळ्यांना कळतो. हेच मूल शिक्षणासाठी पुण्यातल्या सोसायटीत आलं की एकटं पडतं. बाईंनी ‘माझे बाबा’ निबंध लिहायला सांगितला की तो काय लिहिणार? अमेरिकेतही हेच दिसलं. छावणीतली कुटुंबं एकमेकांना धरून राहतात. नॅशनल गार्डच्या, म्हणजे एरवी नागरी नोकरी करणाऱ्या आणि गरजेला बोलावल्या जाणाऱ्या सैनिकांची कुटुंबं नागरी वस्तीत विखुरलेली असतात, त्यांच्या घरात काय चाललंय हे शेजारी कोणालाच ठाऊक नसतं.

मग बाप परत येतो. सिनेमा इथे संपतो, घरात इथून सुरू होतं. पहिले चार-आठ दिवस सण असतो. मटण होतं, पाहुणे येतात, पेटीतून स्वेटर आणि सुकामेवा निघतो. नंतर बापाच्या लक्षात येतं, की बायको आता त्याला न विचारता निर्णय घेते. मुलगा धाकट्यांवर हुकूम सोडतो. टीव्हीचा रिमोट कुठे असतो हे त्यालाच विचारावं लागतं. तो पलटणीतल्यासारखा आवाज चढवतो. वर्षभर कर्ता पुरुष असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची एका दिवसात पदावनती होते आणि तो दार आपटतो. दोघांचंही बरोबर असतं, म्हणून भांडण मिटत नाही.

अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेनं परतणाऱ्या सैनिकांसाठी ‘बॅटलमाइंड’ नावाचं प्रशिक्षण तयार केलं होतं. त्यातला विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. आघाडीवर ज्या सवयी जीव वाचवतात त्याच घरी त्रास देतात, असं ते सांगतं. तिथे सतत सावध असावं लागतं. इथे लग्नातले फटाके वाजले की माणूस भिंतीला टेकतो. तिथे कोण कुठे चाललंय हे गुप्त ठेवायचं. इथे बायको विचारते तर उत्तर नाही. तिथे भावना बाजूला ठेवल्या तर काम होतं. इथे पोरगी चित्र दाखवते आणि बाप नुसतं “हूं” म्हणतो. म्हणजे हा माणूस बिघडलेला नसतो, तिथलं शिकलेलं उतरायला वेळ लागतो. सहसा काही आठवडे, कधी काही महिने. तेवढ्यात आपल्याकडची सुट्टी संपलेली असते.

सगळ्यांचं आपोआप उतरतं असं मात्र नाही. महिन्यांमागून महिने झोप नाही, स्वप्नात ओरडणं, दारू वाढत जाणं, मुलांवर हात उगारणं असं चाललं असेल तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. रेकॉर्डवर येईल, बढती अडकेल या भीतीनं फौजी माणूस फोन करत नाही. पण बायकोला करता येतो.

बाकी उपाय फार मोठे नाहीत. मुलाला त्याच्या वयाला पेलेल एवढं खरं सांगावं. ‘पप्पा दुकानात गेलेत’ असं सांगितलेल्या मुलाला पुढे आई भाजीला गेली तरी धडकी भरते. जेवायची, झोपायची वेळ ढळू देऊ नये. वर्गशिक्षकांना कळवून ठेवावं. बापानं जाताना कर्ता पुरुष वगैरे म्हणू नये, एखादं ठरावीक छोटं काम द्यावं: वासराला पाणी पाजायचं तुझ्याकडे. युद्धाच्या दिवसांत बातम्या मुलं झोपल्यावर बघाव्यात. व्हिडिओ कॉल आला तर छानच, पण ‘रोज आठ वाजता फोन करतो’ असं वचन देऊ नये. पुढे मोबाइलला बंदी आली किंवा रेंज गेली की त्या आठ वाजण्याचा घरात मुडदा पडतो. बाप फील्डवर असताना कुटुंबाला छावणीत राहता यावं म्हणून लष्कराची वेगळी क्वार्टर्स असतात, त्यांची यादी लांब असते, तरी अर्ज वेळेवर करावा. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

आणि परत आलेल्यानं घाई करू नये. पहिले काही दिवस पाहुण्यासारखं राहावं, घर कसं चालतंय ते बघावं.

आबा २००२ च्या दिवाळीनंतर आले. वर्षभर त्यांच्या जागेवर, म्हणजे सोप्यात दाराशेजारी, माझा थोरला भाऊ झोपायचा. आईनं त्याला आत झोपायला सांगितलं, तो हलला नाही. आबा उभे होते, हातात घोंगडं. कोणीच काही बोलेना. मग आजीनं दोघांच्या मधे बसेल इतकी वाकळ खेचली आणि म्हणाली, “दोघंबी दाराशीच झोपा, वारं यायलंय.” सकाळी मी उठले तेव्हा वाकळ दोघांनी अर्धी अर्धी ओढलेली होती, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला.